वार्धक्य आणि आपले घर



स्मृतिव्याख्यानाचे निमंत्रण आले तेव्हा विषय कोणता घ्यावा, असे मी संयोजकांना विचारले. आपणांस योग्य वाटेल तो घ्यावा, असे उत्तर आले. अशा व्यासपीठावर शिक्षण, संस्कृती, राष्ट्रनिर्मिती हे विषय शोभून दिसतात, याची मला कल्पना आहे. मी मात्र आज न्हाणीघर, उंबरठा, जिना आणि परसदाराची वाट यांविषयी बोलणार आहे. व्यवसायाने मी बांधकाम अभियंता. आयुष्याची चाळीस वर्षे घरे बांधण्यात आणि दुरुस्त करण्यात गेली. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्यांनी उत्तरायुष्य याच गावात, स्वतःच्या घरात काढले. तेव्हा वृद्ध माणसाने आपल्याच घरी सुखरूप कसे राहावे, हा विषय या प्रसंगाला अगदीच विसंगत ठरू नये.

वार्धक्याचा प्रश्न आपल्याकडे बहुधा मुलांच्या कृतज्ञतेचा प्रश्न म्हणून मांडला जातो. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ 1970 साली रंगभूमीवर आले, आणि तेव्हापासून घराला पारखा झालेला म्हातारा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे अप्पासाहेब बेलवलकर उभे राहतात. संसदेने 2007 साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा केला. तोही मुलांनी आईबापांना सांभाळावे, न सांभाळल्यास न्यायाधिकरणाकडे दाद मागता यावी, यासाठी. नाटक थोर आहे, कायदा आवश्यक आहे. परंतु माझ्या पाहण्यात असे आहे, की पुष्कळ म्हाताऱ्या माणसांचे घर सुटते ते मुलगा निष्ठुर झाला म्हणून सुटत नाही. ते मागील दाराच्या शेवाळलेल्या पायरीमुळे सुटते. मुलगा चांगला असतो, सून चांगली असते, आणि चांगली असतात म्हणूनच पडलेल्या आईला ती शहरात घेऊन जातात.

2011 च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेल्या लोकांची संख्या सुमारे 10 कोटी 40 लाख होती, आणि त्यांतील 7 कोटींहून अधिक लोक खेड्यांत राहत होते. कर्नाटकात दर शंभरांत साडेनऊ, शेजारच्या गोव्यात अकरांहून थोडे अधिक. या आकड्यांमागचे चित्र जांबोटीच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. मुले चोर्ला घाट उतरून गोव्यात कामाला जातात, नाही तर बेळगाव, पुणे, मुंबई गाठतात. गणपतीला आणि मे महिन्यात गाव भरते. एरवी, विशेषतः जून ते सप्टेंबर, कित्येक घरांत दोन म्हातारी माणसे, एक गाय आणि दारात मुसळधार पाऊस, एवढाच संसार उरतो. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीपासून आमगावपर्यंतचा हा पट्टा कर्नाटकातील सर्वाधिक पावसाच्या प्रदेशांत मोडतो. त्यामुळे पुण्यामुंबईच्या सदनिकांसाठी लिहिलेल्या सूचना येथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत.

माझ्या एका मावशीची हकीकत सांगतो. कणकुंबीच्या बाजूच्या एका गावात ती एकटी राहत असे. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, पण कामाला वाघीण. जुलै महिन्यात पहाटे न्हाणीकडे जाताना परसात पाय घसरून ती पडली. खुब्याचे हाड मोडले. शेजाऱ्यांनी उचलून ओटीवर आणले, पाऊस ओसरेपर्यंत थांबले, मग जीपमध्ये आडवे घालून बेळगावला नेले. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, यात डॉक्टरांना कोणी बोल लावू शकणार नाही. त्यानंतर मुलगा तिला पुण्याला घेऊन गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती चार वर्षे राहिली आणि तेथेच वारली. काळजीत काही उणे नव्हते. पण माझा विषय घर आहे, म्हणून घराचे काय झाले ते सांगतो. पहिल्या पावसाळ्यात वानरांनी चारदोन कौले सरकवली. रोज घरात वावरणारे माणूस असते तर गळणारे पाणी त्याच संध्याकाळी दिसले असते. दुसऱ्या पावसाळ्यात वासे कुजले. तिसऱ्या पावसाळ्यात माजघराची मातीची भिंत बसली, आणि मावशी वारली त्या वर्षी त्या जागी चौथरा आणि एक पारिजातक एवढेच शिल्लक होते. कौलारू घर माणसावाचून या पावसात चारपाच वर्षांवर टिकत नाही. म्हातारे माणूस घर राखते, आणि ते उठून गेले की सणासुदीला यायला मुलांनाही जागा राहत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली दिलेल्या माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसे पडल्यामुळे मरण पावतात. अपघाती मृत्यूंत रस्त्यावरील अपघातांखालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो. पासष्टीनंतर साधारणपणे तिघांपैकी एक माणूस वर्षातून एकदा तरी पडते. बहुतेक वेळा मुका मार लागतो आणि भागते. परंतु अशा किरकोळ पडण्याने आणखी एक इजा होते, ती क्ष-किरणांत दिसत नाही. माणूस भिऊ लागते. परसात जाणे सोडते, शेजारी बसायला जाणे सोडते, पाणी कमी पिते, कारण रात्री उठावे लागेल. चालणे कमी झाल्याने पाय दुबळे होतात आणि दुबळ्या पायांनी ते पुन्हा पडते. अमेरिकेत येल विद्यापीठातील डॉ. मेरी टिनेटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 साली ही भीती मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. अंघोळ, कपाट उघडणे, खुर्चीतून उठणे अशी साधी कामे न पडता करता येतील याचा आपणांस कितपत भरवसा वाटतो, एवढेच ती विचारते. घर सुरक्षित करायचे म्हणजे हा भरवसा परत मिळवून द्यायचा, असे मी समजतो.

आता प्रत्यक्ष घराकडे वळू. आपल्या जुन्या घरांची रचना सर्वांस परिचित आहे. पुढे कट्टा, मग सोपा, त्यामागे अंधारे माजघर, बाजूला स्वयंपाकघर, मागे पडवी, आणि पडवी उतरून परसात न्हाणी व संडास. ही रचना ज्या काळी ठरली त्या काळी घरात पंधरा माणसे होती. म्हाताऱ्या आजीला पाणी काढून द्यायला, हात धरायला एखादी नात सदैव हाताशी असे. घर तेच राहिले आणि हात गेले. म्हणून सर्वांत आधी पाहायची ती पडवीपासून न्हाणीपर्यंतची दहाबारा पावलांची वाट. माझ्या अनुभवात घरातील सर्वांत धोक्याची जागा हीच. जुन्यात येथे दगडी चिपा टाकलेल्या असतात. त्या डुगडुगतात, त्यांवर जून संपण्याआधीच शेवाळ धरते. काही घरी अलीकडे गुळगुळीत काँक्रीट केलेले दिसते. ते तर चिपांहून वाईट, कारण गवंड्याने थापीने घोटून त्याला आरशाची झिलई दिलेली असते.

उपाय खर्चाचा नाही. काँक्रीट करायचेच तर ते ओले असताना त्यावर खराटा आडवा ओढावा. ज्या रेघा उमटतात त्यांत पाय रुततो. उतार एका अंगाला द्यावा, म्हणजे पाणी वाटेवर साचत नाही. वाट दोन माणसे शेजारी चालतील एवढी, निदान तीन फूट रुंद असावी, कारण आजारी माणसाला धरून न्यायचे तर दोघांना जागा लागते. एका बाजूला कमरेच्या उंचीवर धरायला आडवा दांडा हवा. लोखंडी नळी उत्तम, पण ती नसेल तर सोललेला, गुळगुळीत केलेला बांबू खांबांना घट्ट बांधावा. तो दोनतीन पावसाळे टिकतो आणि बदलायला काही लागत नाही. वाटेवर पत्र्याची पाखी काढता आली तर अर्धे काम झाले. मे महिन्याच्या अखेरीस एकदा आणि नंतर पावसाची उघडीप मिळेल तेव्हा तेव्हा ब्लीचिंग पावडर टाकून तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडावे. हे काम तरुणाने करावे. ते करता करताच पडलेले आजोबा मी पाहिले आहेत.

शक्य असेल तर याहून चांगला मार्ग म्हणजे न्हाणी आणि संडास घराच्या छपराखाली आणणे. पडवीचा एक कोपरा भिंत घालून घेतला की पुरते. याला जुन्या माणसांचा, विशेषतः देवघर जवळ असल्यास, विरोध होतो. त्या विरोधाची टिंगल करू नये. देवघर आणि संडास यांत एक भिंत, एक बोळ आणि वेगळे दार ठेवून बहुतेकांचे समाधान होते, असा माझा अनुभव आहे. रात्री परसात जाणे टळले की घसरणेच नव्हे, जनावराचे भयही टळते. भीमगडच्या जंगलाशेजारच्या वस्त्यांत साप आणि अस्वल या काही गोष्टीतल्या वस्तू नव्हेत.

न्हाणीघराच्या आत तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली फरशी. खडबडीत शहाबादी उत्तम. चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी साबणाच्या पाण्यात बर्फासारखी होते. ती बसलेलीच असेल तर रबरी जाळीची चटई टाकावी, आणि ती दर आठवड्याला उचलून वाळवावी, नाही तर तिच्याखालीच बुळबुळीत थर जमतो. दुसरी गोष्ट धरण्याचा दांडा. टॉवेल टाकायची दांडी हा धरण्याचा दांडा नव्हे. ती माणसाच्या वजनाने उखडते आणि मग माणूस दांडीसकट पडते. आपल्याकडच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, काही मातीच्या. चिरा सच्छिद्र आणि मऊ असतो, त्यात लाकडी खुंटी किंवा प्लास्टिकचा प्लग ठोकून स्क्रू पिळला तर महिन्याभरात ढिला होतो. तेथे एक चिरा काढून त्या जागी काँक्रीटचा ठोकळा भरावा आणि त्यात बोल्ट बसवावा, अथवा बोल्ट भिंतीच्या आरपार नेऊन पलीकडून लोखंडी पट्टीवर नट आवळावा. दांडा दीड इंच जाडीचा, भिंतीपासून दीड इंच सुटा, म्हणजे मूठ नीट वळते. बसवून झाल्यावर घरातल्या सर्वांत वजनदार तरुणाने त्याला लोंबकळून पाहावे. त्याने तो हलला, तर आजीसाठी तो नसल्यासारखाच.

तिसरी गोष्ट दार. न्हाणीचे आणि संडासचे दार बाहेर उघडावे. आत उघडणाऱ्या दाराशी माणूस पडले तर त्याच्याच अंगाने दार अडते आणि बाहेरच्यांना आत शिरता येत नाही. बिजागऱ्या बदलून दार उलटे करणे हे सुताराचे अर्ध्या दिवसाचे काम आहे. आतली कडी काढून टाकावी असे सुचवले की बायका संकोचतात, आणि ते रास्त आहे. मग बाहेरून नाण्याने किंवा पेचकसाने फिरवता येईल अशी कडी लावावी. तापलेल्या पाण्याचा हंडा उचलण्याची वेळ म्हाताऱ्या माणसावर येऊ नये, यासाठी चूल किंवा बंब न्हाणीच्या अगदी लगत असावा आणि पाणी तांब्याने घेता यावे. अंघोळ पाटावर न करता गुडघ्याएवढ्या उंच, चारी पाय रुंद असलेल्या स्टुलावर बसून करावी. आपला पाट चार बोटे उंच. त्यावरून उठताना सत्तर वर्षांच्या गुडघ्यांना जे श्रम होतात ते विशीतल्या माणसाला सांगून कळत नाहीत.

संडासबद्दल थोडेच बोलतो. स्वच्छ भारत अभियानात 2014 नंतर घरोघर संडास झाले, ही मोठीच गोष्ट घडली. मात्र खड्ड्याला उंची मिळावी म्हणून पुष्कळ ठिकाणी भांडे जमिनीपासून दोनतीन पायऱ्या वर बसवलेले दिसते, पायऱ्या अरुंद आणि कठडा नाही. तेथे दोन्ही बाजूंना दांडे हवेत. उकिडवे बसवत नसेल तर कमोडच घातला पाहिजे असे नाही. मध्ये गोल भोक पाडलेली, हात असलेली मजबूत खुर्ची भांड्यावर ठेवता येते. गावच्या सुताराला एकदा माप दिले की तो ती करून देतो.

आता उंबरठा. शहरातील पुस्तके सरळ सांगतात, की उंबरठा काढून टाका. जांबोटीत हे सांगणारा अभियंता चहासुद्धा न मिळता परत जाईल. उंबरठ्यावर हळदकुंकू वाहिले जाते, नवी सून माप ओलांडते. शिवाय येथे त्याला व्यावहारिक अर्थही आहे, पावसाचे पाणी आणि सरपटणारे प्राणी तो बाहेर ठेवतो. तेव्हा उंबरठा राहू द्यावा. मात्र ज्या उंबरठ्याला पाय अडखळतो त्याच्या कडेला पिवळ्या किंवा पांढऱ्या तैलरंगाचा दोन बोटे रुंद पट्टा ओढावा, म्हणजे मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनाही कड दिसते. चौकटीला, दाराच्या आत आणि बाहेर, खांद्याखाली एकेक उभी मूठ बसवावी. मुख्य दारापेक्षा आतले उंबरठे अधिक घातक, कारण तेथे सवयीने आपण खाली पाहत नाही. त्यांना धार्मिक महत्त्व नसते. ते काढता येतात, किंवा दोन्ही अंगांनी लाकडी पाचर मारून चढ सौम्य करता येतो.

पुढच्या पायऱ्यांविषयी एक हिशेब सांगतो. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचा तर नियम एकास बाराचा आहे, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. आपली जोती पावसामुळे दोनअडीच फूट उंच. त्याला पंचवीसतीस फूट लांब उतार लागेल, आणि तेवढे अंगण प्रत्येकाकडे नसते. काही जण मग सहा फुटांत उतार बसवतात. असा खडा उतार पायऱ्यांहून अधिक धोक्याचा, पावसात तर ती घसरगुंडीच होते. जागा नसेल तर पायऱ्याच ठेवाव्यात, पण त्या साऱ्या सारख्या उंचीच्या, सहा इंचांच्या आत, पाऊल पूर्ण मावेल एवढ्या रुंद, आणि दोन्ही बाजूंना कठडा असलेल्या. चार पायऱ्या सहा इंचांच्या आणि पाचवी नऊ इंचांची असेल तर माणूस पाचवीवरच पडणार, कारण पायाने आधीच्या चारांचे माप धरलेले असते.

नवी घरे पाहतो तेव्हा मला जुन्यांपेक्षा अधिक काळजी वाटते. गोव्यातल्या आणि पुण्यातल्या मिळकतीतून गावोगाव स्लॅबची घरे उठत आहेत. कष्टाचा पैसा आहे, हौसही असावी. पण दर्शनी भागाला रंगीत फरशी, छताला नक्षी, आणि गच्चीवर जाणारा जिना मात्र बाहेरून, अरुंद, उघडा, कित्येकदा वर्षानुवर्षे कठड्याविना. पाहुण्याला काय दिसेल याचा विचार झालेला असतो. त्या घरात वर्षाचे दहा महिने जी दोन माणसे राहणार, त्यांच्या गुडघ्यांचा विचार नकाशात कोठेही नसतो. घर बांधणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे, की तळमजल्यावर एक झोपायची खोली आणि तिला लागून न्हाणी-संडास एवढे आधीच काढावे. दार तीन फूट रुंद ठेवावे. न्हाणीच्या भिंतीत दांड्यासाठी काँक्रीट भरून ठेवावे. बांधताना याला जवळजवळ काही खर्च येत नाही, नंतर भिंत फोडायला येतो.

उजेडाबद्दल एक गंमत सांगितली पाहिजे. कर्नाटकात 2023 पासून गृहज्योती योजनेखाली ठराविक मर्यादेपर्यंत घरगुती वीज मोफत आहे. तरीही आमच्या पिढीचे हात बटणाकडे जातात ते दिवा बंद करायलाच. जन्मभराची काटकसर सरकारी आदेशाने जात नाही. म्हणून अंथरुणापासून संडासपर्यंतच्या वाटेवर अर्ध्या वॅटचे एलईडी दिवे रात्रभर जळते ठेवावेत आणि त्यांचे बटण आजोबांच्या हाताला लागू नये अशा ठिकाणी असावे. एका बटणाने उशाशी आणि दुसऱ्याने दाराशी तोच दिवा लागेल अशी जोडणी कोणताही वायरमन करून देतो. पावसात वीज जाणार, हे गृहीत धरून उशाशी खिळ्याला दोरीने विजेरी टांगलेली असावी. ती कपाटात ठेवू नये, अंधारात कपाट सापडत नाही. माजघराच्या छपरात चार कौलांऐवजी काचेची कौले घातली की भरदिवसा चाचपडत चालणे थांबते. कौलांचे गाव म्हणून खानापूर साऱ्या मुलखाला ठाऊक आहे, तेव्हा याविषयी तुम्हांला मी अधिक काय सांगावे!

कौलांचा विषय निघाला म्हणून पुरुषमंडळींना थोडे कडक शब्दांत सांगतो. मे महिन्यात घर शाकारायला सत्तरीचे गृहस्थ छपरावर चढतात. मजूर मिळत नाही, मुलगा पुढच्या रविवारी येणार असतो, वळवाचा एक सडाका येऊन गेलेला असतो, आणि पन्नास वर्षे हे काम आपण केले आहे असा अभिमान असतो. ओल्या कौलावरून पंधरा फुटांवरून पडलेला माणूस पुन्हा क्वचितच पूर्वीसारखा उभा राहतो. मुलांनी गणपतीची रजा कशीही घ्यावी, पण शाकारणीसाठी मे महिन्यातले दोन दिवस आधी ठरवून यावे. वाडीतील चार घरांनी मिळून तरुणांची एक तुकडी करावी आणि ओळीने घरे शाकारावीत. सावड घालून शेती करणाऱ्या लोकांना ही पद्धत नवी नाही.

या उपायांनी खरोखर काही साधते का, असा प्रश्न कोणी विचारील. कॉक्रेन या संस्थेने 2023 साली निरनिराळ्या देशांतील चाचण्या एकत्र तपासल्या. घरातील धोके कमी केल्याने पडण्याचे प्रमाण सुमारे 26 टक्क्यांनी घटले. जी माणसे अलीकडे पडलेली होती किंवा ज्यांना रोजच्या कामांत मदत लागत होती, त्यांच्यात ही घट 38 टक्के होती. धडधाकट वृद्धांत फारसा फरक दिसला नाही. या चाचण्या बहुतांशी श्रीमंत देशांतल्या आहेत, तेथे परसातली न्हाणी नाही की आमगावचा पाऊस नाही. तरी कोणाच्या घरापासून सुरुवात करावी, हे त्यावरून कळते. ज्या घरी कोणी या वर्षी पडले आहे, ते घर आधी. शरीराविषयी डॉक्टर सांगतील ते ऐकावे. तोल सांभाळण्याचे व्यायाम, मोतीबिंदूची वेळेवर शस्त्रक्रिया, झोपेच्या गोळ्यांबाबत सावधगिरी आणि झोपेतून उठल्यावर मिनिटभर खाटेच्या कडेला बसून मग उभे राहणे, एवढे माझ्यासारख्या चिरेमातीच्या माणसालाही ठाऊक आहे.

आणि इतके करूनही कोणी पडलेच तर? पडलेल्याला ताबडतोब हाताला धरून उभे करू नये. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, तर खुब्याचे हाड मोडले असे समजून चालावे. चोळू नये, तेल लावू नये, हाड बसवणाऱ्याकडे नेऊ नये. दोन पायांमध्ये उशी ठेवून ते सैलसर एकत्र बांधावेत, फळीवर घ्यावे आणि 108 ला दूरध्वनी करावा. अशी शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांच्या आत व्हावी, असे अस्थिरोगतज्ज्ञ सांगतात. ‘दोन दिवस शेकून पाहू’ असे म्हणण्यात नेमके तेच दिवस जातात. मोबाईलची रेंज या डोंगरात भरवशाची नाही, म्हणून एकट्या राहणाऱ्याने शेजाऱ्याशी खूण ठरवावी. सकाळी सातला पुढचे दार उघडलेले दिसले नाही तर शेजाऱ्याने येऊन पाहावे, आणि त्याच्याकडे एक किल्ली असावी.

जपानमध्ये एप्रिल 2000 पासून दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा आहे. त्यातून वृद्धाच्या घरात दांडे बसवणे, उंचसखल जागा सपाट करणे, न घसरणारी जमीन करणे यांसाठी दोन लाख येनपर्यंतच्या कामाला साहाय्य मिळते. घराची दुरुस्ती हा तेथे औषधोपचारासारखाच शुश्रूषेचा भाग मानला गेला. आपल्याकडे 2017 च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांना काठी, वॉकर, चष्मा, श्रवणयंत्र मिळू शकते. कर्नाटकाची संध्या सुरक्षा योजना निवृत्तिवेतन देते. परंतु न्हाणीत दांडा बसवण्यासाठी हाती पैसे ठेवणारी योजना माझ्या पाहण्यात आलेली नाही. ती व्हावी, अशी मागणी ग्रामपंचायतीने ठरावाने करावी. येथे आणखी एक अडचण येते. अर्ज कन्नडमध्ये आणि म्हातारी माणसे मराठीत शिकलेली, किंवा शिकलेलीच नाहीत. या वादाच्या राजकारणात मी शिरत नाही. दोन्ही भाषा येणारी मुले या शाळेत आहेत, त्यांनी आजीआजोबांचा अर्ज भरून दिला तर उंबरे झिजवण्याचे काम तरी वाचेल.

सर्वांत कठीण भाग अजून सांगायचा आहे. घरात दांडे बसवायचे म्हटले की पहिला विरोध ज्यांच्यासाठी ते बसवायचे त्यांचाच होतो. ‘मी काय लुळा झालोय?’ असे आजोबा विचारतात. काठी कोपऱ्यात धूळ खात राहते, कारण काठी घेऊन कट्ट्यावरून जाणे म्हणजे गावाला आपले म्हातारपण जाहीर करणे. आजी विरोध करीत नाही. ‘कशाला माझ्यापायी खर्च’ म्हणते आणि पडल्याचे लपवते. अशा वेळी सुट्टीला आलेल्या मुलाने दोन दिवसांत हुकूम सोडून घर उलटेपालटे करणे हा उपाय नव्हे. आजीचा चुलीजवळचा डबा ज्या फळीवर चाळीस वर्षे आहे ती फळी खाली आणताना तिलाच विचारावे, की कोठे आणू? दांड्याची उंची तिने हात टेकून दाखवावी, तेथे खडूने खूण करावी, आणि तेथेच तो बसवावा. कोणतीही प्रमाण मापे त्या खडूच्या खुणेपुढे मी बाजूला ठेवीन. आणि सुनांविषयी एक शब्द. म्हाताऱ्या माणसाला धरून नेण्याआणण्याचे काम शेवटी घरातील बाईच्या कमरेवर पडते. न्हाणीतला दांडा तिचीही पाठ वाचवतो, हे खर्चाचा हिशेब करणाऱ्या पुरुषांनी ध्यानात घ्यावे.

शाळेपुढे एक सूचना ठेवून थांबतो. नववीच्या मुलामुलींनी मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी, आपल्याच वाडीतील एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी जावे. बरोबर मोजपट्टी, खडू आणि वही असावी. पडवी ते न्हाणी किती पावले, पायऱ्यांची उंची सारखी आहे का, दार आत उघडते की बाहेर, दांडा हलतो का, रात्री दिवा कोठे लागतो, एवढेच लिहून आणावे, आणि आजी शेवटची कधी पडली तेही सहज बोलता बोलता विचारावे. वह्या आल्या की कोणत्या घरी आधी काम करायचे ते गावकऱ्यांनी बसून ठरवावे. पहिल्या पाच घरांच्या दांड्यांचे लोखंड आणि बोल्ट मी पाठवतो. ते बसवायला गवंडी आणि सुतार मात्र गावाने द्यायचे आहेत. 7 जूनला मृग लागते, त्याआधी हे पुरे व्हावे. कोणाला आपल्या घराविषयी विचारायचे असेल तर मी सायंकाळची गाडी येईपर्यंत शाळेच्या व्हरांड्यात बसणार आहे. येताना न्हाणीघराचे माप तेवढे घेऊन या.